अबोल्याचं भगदाड

समुद्र अंगणात शिरला होता, मागे खाडी फुगली होती, आणि माहेरी आलेल्या द्वारकाचे दोघे भाऊ तशातही एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

वादळापासून बचावासाठी गावाला अनुदानातून जिवंत बांध मिळाला होता. शेजारी एकमेकांशी बोलले की त्या आवाजावर तो वाढायचा. गाव गप्पिष्ट, त्यामुळे बाकी बांध माडाएवढा झाला होता. पुंडलिक आणि जनार्दन या अबोला धरलेल्या भावांच्या शेजारशेजारच्या घरांसमोर मात्र तो गुडघ्यावर गेला नव्हता, आणि आता सगळा दर्या त्याच भगदाडातून घुसत होता.

"दादा, बोल रे त्याच्याशी! माझी पोरं माळ्यावर चढलीत," द्वारका रडत म्हणाली.

"आधी त्याला बोलायला सांग," पुंडलिक तिला म्हणाला.

"त्याला म्हणावं, वाट बघ," जनार्दनही तिलाच म्हणाला.

माहेरवाशिणीच्या आवाजाला बांध दाद देईना. पाणी कमरेला लागलं. पाया पडूनही झालं, तेव्हा द्वारकाने त्या घरात कुणी न काढायचा विषय काढला.

"बुडण्याआधी एवढं सांगा, सामायिक गणपती कोणाच्या ओटीवर बसवायचा?"

"माझ्या! थोरला मी!" पुंडलिक भावावर ओरडला.

"थोरला? मेल्या, देवाचा पाट विकून खाल्लास तू!"

बांध हातभर वर आला. भांडण आजोबांपर्यंत गेलं, तसा तो डोक्यावर गेला. शेवटी दोघांचे घसे बसले, पण लाटा अजून वरून उडतच होत्या.

"थांबू नका रे," द्वारकाने हात जोडले. "अजून विसर्जनाचं राहिलंय!"