वीतभर खचलेला बर्फ

"मॅडम, तुमचा विश्वास नाही बसणार, पण अख्खी खिंड मी एका दमात मारली. पापणीसुद्धा लवली नाही!"

सत्तरीच्या सावळाराम धुमाळांनी मिशीवर हात फिरवला. त्यांच्या ट्रकमधून नाशिकचा कांदा लेहला पोचला होता. खिंडीत न थांबणाऱ्यालाच पुढच्या हंगामाचा परवाना मिळायचा.

इन्स्पेक्टर शिरीन अत्तारांनी शिक्का उचलला, तेवढ्यात टेबलावरच्या यंत्रातून खिंडीतला बर्फच बोलला. वजन ओळखणारे कण यंदाच त्यात पेरले होते.

"काका, चालत्या चाकाखाली मी बोटभर दबतो. तिसऱ्या वळणावर मात्र वीतभर खचलोय. दोन तास उभे होतात तिथं. शिवाय सारखी थरथर."

"ते इंजिन तापवत होतो!"

"इंजिन बंद होतं, काका. तुम्ही घोरत होतात."