कडेला सरकणारी दुपार

"त्या दिवसाचं अजून आहे का रे?" काकूंनी केबिनच्या दारातूनच विचारलं.

"आहे," इमारतीचे सीसीटीव्ही सांभाळणारा कॅमेरेवाला म्हणाला. "पण दाखवायला साहेबांची परवानगी लागते, काकू."

काकूंनी मान हलवली आणि आल्या तशा निघून गेल्या. कॅमेरेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली. परवानगीबिरवानगी काही लागत नव्हती. साहेब तर त्या केबिनकडे फिरकतही नसत.

काकूंचा मुलगा जाऊन आठवडा उलटला होता. इमारतीसमोरच्या चौकात भर दुपारी त्याला ट्रकनं उडवलं. जवळ फळांची पिशवी सापडली, तेव्हा सगळे हळहळले. पोरगं सुधारून आईकडे यायला निघालं आणि दाराशी पोचायच्या आत घात झाला, असंच जो तो म्हणत होता. काकू त्या वेळी डोकेदुखीची गोळी घेऊन झोपल्या होत्या. बातमी सांगायला गेलेल्यांना दार बडवून बडवून दमायला झालं.

मुलगा मोठा लाघवी होता. केबिनमध्ये येऊन बसायचा, स्क्रीनवर दिसणाऱ्या लोकांच्या चालीच्या नकला करायचा आणि कॅमेरेवाल्याची हसून मुरकुंडी वळवायचा. पण दारूनं त्याचं पार मातेरं केलं. शुद्धीत असला की घरची बेल इतकी हळू दाबायचा की शेजारणीला पत्ता लागत नसे. पिऊन आला की मात्र बेलवर ठेवलेलं बोट काढायचंच विसरायचा, आणि अख्खा मजला दारात गोळा व्हायचा. शेवटी एकदा काकूंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की यापुढे हे दार तुला उघडणार नाही. असं कडक व्हायलाच हवं होतं, म्हणून मजल्यानं त्यांचं कौतुकही केलं. तेव्हापासून तो मित्राकडे राहत होता.

खरं काय ते एकट्या कॅमेरेवाल्याला ठाऊक होतं. ट्रक कुठून आला ते पाहायला त्यानं फाटकावरचं चित्रण उघडलं, तर मुलगा इमारतीतून बाहेर पडताना दिसला. मग त्यानं मजल्यावरचं चित्रण लावलं. आवाज नाही, नुसतं चित्र, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. मुलगा जिना चढून वर येतो. इस्त्रीचा शर्ट, चाल सरळ. केसांवरून हात फिरवतो, बेल दाबतो, थांबतो. पुन्हा दाबतो. पायरीवर बसून राहतो, उठून तिसऱ्यांदा दाबतो. मग पिशवी उचलून खाली उतरतो.

म्हणजे तो घरी येताना गेला नव्हता. घरून परत जाताना गेला होता, आणि तेही शुद्धीत असताना. आई बिचारी आत गोळी घेऊन गाढ झोपलेली. हे तिला कळलं तर ती उरलेला जन्म काढणार कशी? कॅमेरेवाल्यानं त्याच क्षणी ठरवलं, हे कुणाला दिसू द्यायचं नाही.

त्याला काही करायचीही गरज नव्हती. यंत्रात पंधरवड्याचंच मावत होतं. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यानं त्यांना समजावून सांगितलं होतं. बाकावर मोजकीच माणसं बसतात ना, तसं आहे. या टोकाला नवा दिवस येऊन बसला की त्या टोकाचा जुना खाली पडतो.

"म्हणजे कुणी पुसावं लागत नाही?" काकूंनी विचारलं होतं.

"नाही. आपोआप जातं."

काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या होत्या. त्याला भडभडून आलं होतं.

त्यानंतर त्या रोज यायच्या आणि तेच विचारायच्या. तो रोज नवी सबब सांगायचा. कधी साहेब गावाला गेले, कधी पासवर्ड चालत नाही. काकूंनी एकदाही हट्ट केला नाही. इतक्या साध्या बाईला आपण फसवतोय, या विचारानं त्याला जेवण जाईना.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यानं खणातून पेन ड्राइव्ह काढला. निदान जिना चढतानाचा तेवढा तुकडा ठेवावा, आईला चेहरा तरी दिसेल. पण मजला दिसला की दार दिसणार, दार दिसलं की सगळंच उलगडणार. त्यानं पेन ड्राइव्ह परत खणात टाकला आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या.

"आहे का रे अजून?"

"गेलं, काकू."

"नीट बघ."

त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सगळ्यात जुनी तारीख अपघातानंतरची होती. काकूंनी चष्मा पुसला, त्या तारखेवर बोट ठेवलं आणि मग भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या. त्यांचे खांदे सैल पडले.

कॅमेरेवाल्याला राहवेना. "मला माफ करा. मी ठेवायला हवं होतं. तुम्हाला एकदा त्याचा चेहरा तरी बघता आला असता."

"नको रे. बरं झालं गेलं."

"तो तुमच्याकडेच यायला निघाला होता, काकू. एवढंच लक्षात ठेवा."

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि चौकट धरून पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"तिन्ही वेळा त्यानं बेल अगदी हळू दाबली होती रे," त्या म्हणाल्या.