समोरची भिंत

आई चर्चला गेली तशी फिनबारने बैठकीच्या खोलीतल्या फायरप्लेसवरची येशूची तसबीर खाली उतरवली. आईच्या लग्नापासून ती तिथेच होती. तिच्यापुढचा तांबडा दिवा कधी विझला नव्हता. पण तिच्याखालचा छोटा टीव्ही जाऊन आता मोठा आला होता, भिंतीवर दोन्ही काही मावत नव्हती, आणि दुपारी तर आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाची फुटबॉल फायनल.

तो शेवटचा स्क्रू पिळत होता, तेवढ्यात त्याची आई डेलिया चर्चमधून परतून दारात येऊन उभी राहिली. तिने आधी टीव्ही पाहिला, मग सोफ्यावर टेकवून ठेवलेली तसबीर.

"आई, रागावू नकोस. स्वयंपाकघरात चांगलीशी जागा बघतो," फिनबार स्टुलावरूनच म्हणाला.

"स्वयंपाकघरात? तिथून काय दिसणार त्याला?" डेलियाने कोटाच्या बाहीने काच पुसली आणि समोरच्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथे ठोक खिळा. बरोब्बर टीव्हीसमोर."

फिनबार बघतच राहिला.

"बघतोस काय? इतकी वर्षं टीव्ही त्याच्या पायाशी. बिचाऱ्याला आपली एक मॅच धड दिसली नाही, आणि आपण म्हणतोय, दर वेळी फायनलला हरतो कसे."