भाव करू नये

फोटो झकास आला होता. काळ्याभोर उकडलेल्या शिंगाड्यांनी काठोकाठ भरलेली टोपली, टोपलीमागे शकुनबाई आणि तिच्या मागे पुलाच्या खांबाला टेकवलेली पाटी. पाटीवर तृप्तीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘कष्टाला रास्त दाम. ऐंशी रुपये किलो. कृपया भाव करू नये.’

तृप्ती लाखनीच्या शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात रास्त भाव गटाचं काम करायची. गटात सात जण, सगळे पदरचं पेट्रोल जाळणारे. रस्त्यावर बसणाऱ्या बायांशी दोन-पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नका, एवढंच त्यांचं लोकांना सांगणं. फोटो गटावर टाकायला तिनं अंगठा उचलला आणि तो तसाच राहिला. दुपारचे चार वाजले होते. मग टोपली भरलेली कशी?

“शकुनबाई, आज उशिरा बसल्या का?”

“नाई मॅडम. सकाळपासून बसून आहो.”

रस्त्यापलीकडे शिंगाडेच विकणाऱ्या रुखमिणीची टोपली तळाला लागली होती. ‘नको बाई तुमची पाटी’ असं तिनं तोंडावर सांगितलं होतं, आणि तृप्तीनं गटाच्या मीटिंगमध्ये तिला अडाणी म्हटलं होतं. आता तिथं एक गिऱ्हाईक तावातावानं ओरडत होतं, रुखमिणी त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती आणि ती गंमत बघायला आणखी तिघं थांबली होती.

“मग तुमच्याकडे काहून कोणी घेत नाही? भाव तर तोच आहे.”

“तोच हाय नं! पहिले मी शंभर म्हणो, गिऱ्हाईक साठ म्हणे, ऐंशीवर सौदा होये. पण तेवढ्या वेळात तो गाडीवरून उतरे, एखादा शिंगाडा सोलून खाये, कोणत्या तलावातला म्हणून इचारे. आता पाटी वाचतात आन् गाडी पुढं नेतात.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुमी एवढ्या हौसेनं लिहून आणली. म्हटलं, मॅडमले वाईट वाटन.”

तृप्तीनं विचारू नये ते विचारलं. “मग उरलेल्याचं काय करता?”

“म्हशीले घालतो. उकडलेला शिंगाडा दुसऱ्या दिवशी आंबते नं. पाटी लावली तवापासून आज तिसरा दिवस हाय.” शकुनबाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तृप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस ती याच पाटीचं कौतुक साऱ्या शाळेत मिरवत होती. तिनं पाटी उचलली आणि खांबामागे पालथी टाकली.

“आता तुमीच भाव करा मॅडम,” शकुनबाई म्हणाली. “जोरानं करा. लोक थांबतीन.”

पंचाईत अशी, की तृप्तीनं जन्मात कधी भाव केला नव्हता. घरी भाजीपाल्याचं सगळं सासू बघायची. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि वर्गात ओरडतात तशी ओरडली, “कसे दिले?”

“शंभर!”

“शंभर? लूट मांडली काय? चाळीस!”

शकुनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. साठापासून सुरू करायचं असतं, हे आताच तर तिनं सांगितलं होतं. पण शब्द गेला होता. हेल्मेटवाल्या एका माणसानं गाडी लावली. “बरोबर बोलल्या मॅडम. चाळीसच भाव हाय.” मागून साकोलीकडे जाणारी जीप थांबली. पाहता पाहता सहा-सात जण जमले. शकुनबाई जीव तोडून भांडली, हात जोडले, रागावली, हसली. पण चाळीस ऐकलेला माणूस ऐंशीला कसा यावा? साठच्या वर कोणी चढेना. साठनंच तराजू खालीवर होऊ लागला.

अर्ध्या तासात टोपली तळाला आली.

तृप्तीनं आपला किलोभर घेतला आणि हळूच ऐंशी रुपये शकुनबाईच्या हातात कोंबले. शकुनबाईनं त्यातली वीसची नोट तशीच परत सरकवली.

“राहू द्या हो. चूक माझीच—”

“साठच द्या. लोक पाहून राहिले,” शकुनबाई दबक्या आवाजात म्हणाली. आणि लगेच साऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “बाप्पा! लय कडक हायेत या मॅडम. गरिबाले एक रुपया सोडत नाई!”

सगळे हसले. नोट मुठीत दाबून तृप्तीही हसली.