हाताची घडी, तोंडावर बोट

अंबडच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोहिनीने मोबाइल उघडला. सुजातच्या शाळेतल्या बाईंनी फोटो पाठवला होता: "आज पहिल्यांदाच शहाण्यासारखा बसलाय!" हाताची घडी, तोंडावर बोट. मोहिनी ताडकन उठली. तिचा स्वमग्न लेक एकसारखा गुणगुणायचा, अगदी झोपेतसुद्धा. डबा तसाच टाकून तिने रिक्षा पकडली. "दादा, जरा पळवा!" वर्गात शिरताच तिने त्याचं कपाळ चाचपलं, पोट दाबून पाहिलं, मग बूट काढला. मोजा रक्ताने चिकटलेला. बुटाचा वर आलेला खिळा थेट टाचेत रुतला होता. "अहो, पण हा रडलासुद्धा नाही!" बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. "दुखलं की हा गप्प होतो, बाई. त्याची गुणगुण थांबली की घाबरायचं." बाईंनी मागे वळून पाहिलं. अख्खा वर्ग अजूनही हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून गप्प बसला होता.