शीर्षक द्या

"सहा महिने आधी आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या.

बायको कठडा धरून जिना उतरत होती, तो तिच्या मागे. पायऱ्यांवरच त्याने विचारलं, गाठ इतके दिवस अंगावर काढलीस, मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तुम्हीच तपासून दिलंत."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तिला कुठेही थट्टा सुचायची. पुढे दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि त्या बोलण्याचा अर्थ विचारायचा राहून गेला. अकराव्या आठवड्यात ती गेली.

तो मुद्रितशोधक. छापखान्यात सगळे त्याला भिंगकाका म्हणत. पहिल्याच दिवशी त्याच्या वस्तादाने बजावलं होतं, गोष्टीत गुंतलास की चुका निसटतात. अक्षरं बघ, गोष्ट बघू नको. म्हणून तो पान शेवटच्या ओळीपासून वर तपासत जायचा. नावांवर त्याची फार बारीक नजर. पुस्तकाचं नाव तिरप्या ठशात, एकट्या कथेचं किंवा गाण्याचं एकेरी अवतरणचिन्हांत. यात गफलत झाली तर तो भल्याभल्या लेखकांना सोडत नसे. बायको म्हणायची, यांना भातात खडा चालेल, नावात नाही चालायचा.

डॉक्टरांकडे जाण्याच्या आठ महिने आधी तिने एक वही त्याच्यापुढे ठेवली होती. सात गोष्टी, तिच्या हातच्या. "जरा बघा," म्हणाली. त्याने बघितल्या. लाल पेन घेऊन, खालून वर, एका दुपारात. तिच्या गोष्टींतली माणसं पुस्तकं वाचत, गाणी गुणगुणत, आणि सगळी नावं उघडीबोडकी. त्याने कुठे खाली रेघ मारली, कुठे अवतरणचिन्हं घातली. सातव्या गोष्टीला तर नावच नव्हतं. तिथे समासात लिहिलं, 'शीर्षक द्या'. वही परत देताना म्हणाला, नावांचा नुसता गोंधळ घातलायस, बाकी ठीक.

"बाकी ठीक?" तिने विचारलं.

तो हो म्हणाला. ती वही घेऊन आत गेली.

ती गेल्यानंतर महिन्याभराने चादर बदलायला त्याने कपाट उघडलं, तर घड्यांच्या खाली वही. खुर्चीत बसून त्याने ती पहिल्यांदाच वरून खाली वाचली. दोनदा हसूही आलं. एका गोष्टीत लग्नपत्रिकेतली चूक काढून मांडवात सासऱ्याला ऐकवणारा जावई होता. तो कोण, हे ओळखायला भिंग लागलं नाही.

सातव्या गोष्टीत एक बाई अंघोळ करताना गाणं म्हणत असते. मध्येच हाताला काखेजवळ गाठ लागते आणि गाणं थांबतं. तिचा नवरा दिवसभर जगाच्या चुका काढून दमून येतो. त्याला तोंडाने सांगायचा तिला धीर होत नाही. मग ती सगळं लिहून काढते, वही त्याच्यासमोर ठेवते आणि तो वाचत असताना त्याचा चेहरा बघत बसते. गोष्ट तिथेच थांबली होती.

'गाठ' या शब्दाच्या आधीच्याच ओळीत त्याची लाल खूण होती. गाण्याच्या नावाला अवतरणचिन्हं.

वहीतल्या बाकी सगळ्या खुणांप्रमाणे तिने मन लावून दुरुस्त्या केल्या होत्या. एक तेवढी राहिली होती. 'शीर्षक द्या'च्या खाली तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाचून झालं की तुम्हीच द्या.'

त्याने लाल पेन खणात टाकलं आणि पेन्सिल घेतली. त्याला आता चार महिने होतील. वही टेबलावर उघडीच आहे. सातव्या गोष्टीला अजून नाव नाही.