आपटणारं दार

"मिस्त्री, या एका कपाटाला जुन्या साध्या बिजागऱ्या लावा," वहिनी म्हणाल्या.

मी चाट पडलो. महिन्यापूर्वी यांनीच अख्ख्या स्वयंपाकघराला सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या लावून घेतल्या होत्या. दार कितीही जोरात लोटा, ते आपलं हळूच मिटणार. मला हे लाडावलेलं फॅड पहिल्यापासून पटत नाही, पण सुताराचं ऐकतो कोण!

"तुम्हीच तर हौसेनं लावून घेतल्यात, वहिनी."

"तेव्हा भांडण झालं नव्हतं. परवा यांच्यावर चिडून दार आपटलं, तर मेलं अर्ध्यात थबकलं आणि अलगद मिटलं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. डोकंसुद्धा वर काढलं नाही!"

मी बिजागऱ्या बदलल्या. वहिनींनी दार दोनदा दाणकन आपटून पाहिलं. आतले कप खळखळले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

निघालो, तर जिन्यात साहेबांनी गाठलं.

"आता आवाज होतो ना?"

"होतो साहेब," मी चाचरत म्हणालो. "बराच होतो."

"सुटलो बुवा!" साहेब म्हणाले. "महिनाभर ही माझ्यावर चिडली की मला थेट सासूबाईंच्या फोनवरून कळत होतं."